वाणी जयराम यांचं बोट धरून तमिळ सिनेमात

'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी' या नाट्यगीतात कुमार गंधर्वांच्या शेजारी जो दुसरा आवाज आहे, तो आपल्या घरांत इतका मुरलाय की तो कुणाचा आहे हे विचारायचं राहूनच जातं. तो वाणी जयराम यांचा. जन्म वेल्लूरचा, मातृभाषा तमिळ. लग्नानंतर मुंबईत आल्या, हिंदुस्थानी संगीत शिकल्या, वसंत देसाईंकडे गायल्या. 'गुड्डी'तलं 'बोले रे पपीहरा' त्यांचंच. पुढे त्या मद्रासला गेल्या आणि 'अपूर्व रागंगळ' या १९७५च्या तमिळ सिनेमातल्या 'एऴु स्वरंगळुक्कुळ्' या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. के. बालचंदर यांच्या याच सिनेमात एक काळासावळा, किडकिडीत तरुण फाटक ढकलून पडद्यावर पहिल्यांदा येतो. बंगळूरच्या मराठी कुटुंबातला, बसमध्ये कंडक्टरी केलेला शिवाजीराव गायकवाड. त्याला आज सगळं जग रजनीकांत म्हणून ओळखतं.

एवढं सांगायचं कारण असं की, "तमिळ सिनेमा बघायचाय, पण सुरुवात कुठून करू?" असं कुणी विचारलं की लोक त्याच्या हातात दहा सिनेमांची यादी ठेवतात. तो त्यातला तिसरा हिंदीत डब केलेला बघतो, मारामारीत कंटाळतो आणि विषय संपतो. माझंही तसंच झालं होतं. नंतर चिंचवडला खोली वाटून घेणारा मदुरैचा एक मित्र मिळाला. त्याने मला सहा महिने एकही सिनेमा दाखवला नाही, फक्त गाणी ऐकवली. तोच क्रम मी पुढे सांगतोय, माझ्या चुका वगळून.

पहिली पायरी: ओळखीचे गळे

पहिले पंधरा दिवस फक्त आवाज ऐका, तेही ओळखीचे. एस. पी. बालसुब्रह्मण्यम 'मैंने प्यार किया'मुळे माहीत आहेत, येशुदास 'चितचोर'मुळे. 'जोगवा'तलं 'जीव रंगला' गाणारे हरिहरन मुंबईतच वाढलेले तमिळ गायक. शंकर महादेवन चेंबूरचे. 'कण्डुकोण्डेन् कण्डुकोण्डेन्' (२०००) मधल्या 'एन्न सोल्ल पोगिराय्' या गाण्याने त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. आपल्याकडून तिकडे गेलेलेही आहेत. लता मंगेशकरांनी 'सत्या' (१९८८) मध्ये बालसुब्रह्मण्यम यांच्याबरोबर 'वळैयोसै' गायलंय, आणि आशाबाईंनी 'एंग ऊरु पाट्टुक्कारन्' (१९८७) मध्ये 'शेण्बगमे'. ही दोन गाणी आधी लावा. शब्द एकही कळणार नाही, पण गळा घरचा असल्यामुळे परकेपणाची धार जाते.

एक छोटा प्रयोगही करा. 'बॉम्बे' (१९९५) मधलं 'तू ही रे' तुम्हाला पाठ असेल. त्याचं तमिळ मूळ 'उयिरे' लावा. तिथेही हरिहरनच आहेत, सोबत चित्रा. चाल तीच. पण तमिळमध्ये 'उयिरे' म्हणजे 'माझ्या प्राणा'. ती तीन अक्षरं सुरावर जशी टेकतात तसे हिंदी शब्द टेकत नाहीत. हे एकदा कानाला कळलं की डब केलेलं ऐकायची इच्छाच उरत नाही.

दुसरी पायरी: स्पेलिंगचा घोळ सोडवा

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण पाच मिनिटांची आहे आणि पुढची पाच वर्षं उपयोगी पडते. एका कॅसेटच्या दुकानात मी एका सिनेमाची कॅसेट मागताना मोठ्या ऐटीत 'थलपथी आहे का' म्हणून विचारलं होतं. गल्ल्यावरचे अण्णा इतके हसले की मी कॅसेट न घेताच बाहेर पडलो.

तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर असतं, त आणि द यांनाही एकच. ख, घ, थ, ध मुळात नाहीत. तमिळ माणूस रोमन लिपीत लिहिताना 'त' दाखवायला टी आणि एच लावतो, कारण नुसता टी त्याच्यासाठी 'ट' असतो. आपण हिंदीच्या सवयीने त्याचा 'थ' करतो. म्हणून 'थलाइवा' नाही, तलैवा. 'कधल' नाही, कादल. आणि माझी ती 'थलपथी' खरं तर 'दळपति', म्हणजे चक्क आपला दळपती! सेनापती. ज्या भाषेत दळ आहे तिच्या माणसाने थलपथी म्हणावं, यावर ते अण्णा हसले यात नवल नाही.

रोमनमध्ये झेड-एच दिसलं तर तो 'झ' नव्हे. तो ऴ, 'तमिऴ' या नावातलाच शेवटचा वर्ण. 'ळ' म्हणायला जीभ मागे वळवा, पण टाळूला टेकू देऊ नका. हिंदीभाषक मित्रांची इथे फजिती होते. आपल्याकडे निदान 'ळ' तरी आहे, त्यामुळे अर्धी वाट चाललेलीच असते. इलयाराजा आपण सवयीने लिहितो, पण तेही मुळात इळैयराजा आहेत.

पंधरावीस शब्द एका कागदावर लिहून ठेवा, प्रेमगीतांचा निम्मा मुलूख तेवढ्यात सर होतो. कण् म्हणजे डोळा, निला चंद्र, मऴै पाऊस, पू फूल, नेंजम् काळीज, कनवु स्वप्न, नान् मी, नी तू, वा ये, पो जा, इल्लै नाही. 'वांग' ऐकून भाजी आठवेल, पण ते आदरार्थी 'या' आहे. 'ताय्' म्हणजे ताई नव्हे, आई. वाक्याच्या शेवटी येणारे 'डा' आणि 'डी' हे आपल्या 'रे' आणि 'गं'सारखे. जवळच्या माणसाला लावले तर माया, परक्याला लावले तर भांडण. इंग्रजी सबटायटलमध्ये हे कधीच उतरत नाही. नायिका अख्खा सिनेमाभर नायकाशी आदराने बोलते आणि एका प्रसंगात पहिल्यांदा 'डा' म्हणते, तेव्हा थिएटरात शिट्ट्या का पडल्या ते सबटायटल वाचणाऱ्याला समजत नाही.

तिसरी पायरी: इळैयराजा, सावकाश

इथे घाई करू नका. माझं मत विचाराल तर तमिळ सिनेमाची गुरुकिल्ली कुठल्या नटाकडे किंवा दिग्दर्शकाकडे नाही, पण्णैपुरम नावाच्या खेड्यातून आलेल्या या माणसाकडे आहे. १९७६च्या 'अन्नक्किळि'पासून त्यांनी संगीत द्यायला सुरुवात केली आणि गावाकडच्या चाली, कर्नाटक राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकाच गाण्यात असे नांदवले की सांधा दिसू नये. अजय-अतुल यांच्या गाण्यांत अचानक उसळणारे व्हायोलिनचे ताफे तुम्हाला आवडत असतील, तर ते दोघं ज्यांना आदराने मानतात ते हेच.

नाट्यसंगीतावर पोसलेल्या मराठी कानाला इथे एक सोय आहे. कर्नाटक रागांची नावं वेगळी, पण अनेकांचा सुरांचा संच आपल्या ओळखीचा असतो. कल्याणी म्हणजे आपला यमन. 'दळपति' (१९९१) मधलं 'सुंदरी कण्णाल् ओरु सेदि' लावा आणि यमन शोधा. मोहनम् म्हणजे भूप. 'अग्नि नक्षत्रम्' (१९८८) मधलं 'निन्नुक्कोरि वर्णम्' भूपाच्या सुरांत आहे, पण खाली ठेका असा की भूप कधी इतका नाचलेला तुम्ही पाहिला नसेल. मायामाळवगौळ म्हणजे भैरव, त्यासाठी 'निऴल्गळ्' (१९८०) मधलं 'पूंगदवे ताळ् तिरवाय्'. शुद्ध सावेरी म्हणजे दुर्गा. हिंदोळम् नावाला फसू नका, तो मालकंस आहे. गमक आणि चलन मात्र त्यांचं त्यांचं असतं. "यमनात असं नसतं" म्हणून वाद घालत बसलात तर मजा तुमचीच जाईल.

आता ऐकायचं कसं? एक गाणं निवडा आणि तेच आठवडाभर ऐका. पहिल्यांदा फक्त गळा. दुसऱ्यांदा हेडफोन लावून फक्त बास गिटार, कारण इळैयराजांची बास नुसता ठोका धरून बसत नाही, ती स्वतःची वेगळी चाल गात असते. तिसऱ्यांदा फक्त मधले तुकडे. आपण मुखडा-अंतरा म्हणतो, ते पल्लवी-चरणम् म्हणतात, आणि दोहोंच्या मधल्या वाद्यसंगीताकडे आपण बहुतेक वेळा पाणी प्यायला उठतो. इथे उठू नका. पहिल्या चरणाआधीचा तुकडा आणि दुसऱ्या चरणाआधीचा तुकडा यांत बहुधा काहीच सारखं नसतं, आणि तरी दोन्ही त्याच गाण्यात चपखल बसतात. चौथ्यांदा शब्दांचा अनुवाद समोर घेऊन ऐका.

'चीनी कम' (२००७) ची गाणी आवडली असतील तर एक शोध बाकी आहे. त्यातलं शीर्षकगीत म्हणजे 'मौन रागम्' (१९८६) मधलं 'मंड्रम् वंद', आणि 'बातें हवा' म्हणजे त्याच वर्षीच्या 'मेल्ल तिरंददु कदवु'तलं 'कुऴलूदुम् कण्णनुक्कु'. मूळ ऐकल्यावर कुठलं जास्त आवडलं ते माझ्या मित्राला सांगू नका. त्याचं उत्तर ठरलेलं आहे आणि आवाज मोठा आहे.

रहमानबद्दल मी फार सांगत नाही, ते तुम्हाला माहीतच आहेत. 'रोजा' (१९९२) तमिळमधून पुन्हा ऐका. मग 'इरुवर' (१९९७) मधलं 'नरुमुगैये'. त्यात संगम काळातल्या 'कुरुन्तोगै' या काव्यसंग्रहातल्या एका कवितेचे शब्द ओवलेत. तुझी आई कोण, माझी आई कोण, आणि तरी तांबड्या मातीत पाऊस मिसळावा तशी आपली मनं मिसळली, असा तिचा आशय. आपल्या गाथासप्तशतीतल्या गाथा ज्यांनी वाचल्यात त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. या दोन परंपरांमधल्या साम्यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय. दोन हजार वर्षं जुनी ओळ सिनेमाच्या गाण्यात येते आणि कॉलेजची पोरं ती गुणगुणतात!

चौथी पायरी: आता सिनेमा

दोन नियम. भाषा तमिळच हवी, सबटायटल चालतील. ॲपवर सिनेमा लावला की आधी ऑडिओ तपासा, कारण पुष्कळदा हिंदी किंवा तेलुगू आवाज आपोआप सुरू होतो. टीव्हीवरच्या हिंदी डबमध्ये तर बऱ्याचदा गाणी कापलेली असतात, म्हणजे आपण दोन महिने ज्याची तयारी केली नेमकं तेच गायब. दुसरा नियम म्हणजे गाण्यांत सबटायटल नसले तरी पुढे पळवायचं नाही.

सुरुवात 'मौन रागम्'ने करा. मणिरत्नम यांचा सिनेमा, रेवती, मोहन आणि कार्तिक. मनाविरुद्ध लग्न होऊन दिल्लीला आलेली मुलगी आणि तिचा शांत नवरा, एवढीच गोष्ट. मारामारी जवळजवळ नाही आणि घर मध्यमवर्गीय, त्यामुळे आपला माणूस त्यात सहज शिरतो.

मग 'दळपति'. 'मृत्युंजय' वाचून कर्णासाठी रडलेल्या कुठल्याही मराठी वाचकाला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. रजनीकांत कर्ण, मम्मुट्टी दुर्योधन, आणि अर्जुन झालाय जिल्ह्याचा कलेक्टर. यातल्या 'राक्कम्मा कैय तट्टु'त एक गंमत आहे. दणकून नाच चाललेला असतो आणि मध्येच तो थांबून अप्पर या सातव्या शतकातल्या शैव संताचं पद सुरू होतं. भर लावणीत अचानक तुकोबांचा अभंग यावा आणि कुणाला खटकू नये, तसं. दुसरं गाणं 'यमुनै आट्रिले'. छोटंसं आहे, यमुनेकाठी कृष्णाची वाट बघणारीचं. हे गाणं नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतर महेंद्रन यांचा 'मुळ्ळुम् मलरुम्' (१९७८). रजनीकांतला फक्त चष्मा फिरवणारा हिरो समजणाऱ्यांसाठी हे औषध आहे. पाठोपाठ 'बाशा' (१९९५) बघा, म्हणजे चष्मा का फिरवतात तेही कळेल. दोन्ही बघितल्याशिवाय रजनीबद्दल मत बनवू नका.

मधल्या काळात नातेवाचक शब्दांनी गोंधळ होईल. अण्णा, अक्का ठीक, ते आपल्याकडेही आहेत. पण गावाकडच्या सिनेमात नायिका प्रियकराला 'मामा' म्हणते तेव्हा दचकू नका. मामाची किंवा आत्याची मुलं ही तिथे लग्नाची हक्काची नाती. 'अत्तान', 'मच्चान' हे शब्द त्यातूनच आले, आणि मित्रांमध्ये 'मच्चि' म्हणजे आपला 'भावड्या'. उत्तरेकडच्या प्रेक्षकाला हे पचायला जड जातं. आपल्याकडे मामेबहिणीवरून अजून थट्टा चालते, त्यामुळे आपल्याला फार खुलासा लागत नाही.

पाचवी पायरी: हलगीचा कान

ही पायरी बरेच जण गाळतात. गाळू नका.

परै हे एका बाजूने मढवलेलं चपटं वाद्य. ते विस्तवावर शेकून ताणतात आणि दोन काठ्यांनी वाजवतात, एक लांब बारीक, एक आखूड जाड. वर्णन वाचता वाचताच तुमच्या डोळ्यांसमोर हलगी आली असेल. नातं केवळ आकाराचं नाही. हे वाद्य मयतीला वाजवायचं काम गावाने कुणाच्या गळ्यात घातलं आणि ज्यांनी वाजवलं त्यांना गावाने कुठे बसवलं, हा इतिहासही सारखाच आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत तमिळ सिनेमात परै अभिमानाने वाजायला लागली, आणि त्यामागे पा. रंजित आणि मारी सेल्वराज हे दिग्दर्शक आणि संतोष नारायणन हे संगीतकार आहेत.

'परियेरुम् पेरुमाळ्' (२०१८) बघा. तिरुनेलवेलीच्या लॉ कॉलेजात शिकायला आलेला दलित मुलगा. त्याचे वडील लोककलेत बाईचा वेष घेऊन नाचतात. आपल्या तमाशातला नाच्या आठवेल, आणि गाव त्याला कसं वागवतं तेही. 'फँड्री' बघून ज्यांना रात्री झोप लागली नव्हती त्यांनी हा सिनेमा झोपायच्या आधी बघू नये. शेवटच्या दृश्यात चहाचे दोन ग्लास आहेत. त्यांच्याकडे बघा, अधिक सांगत नाही.

मग मारी सेल्वराज यांचाच 'कर्णन्' (२०२१). त्यातलं 'कंडा वर सोल्लुंग' किडाकुऴि मारियम्माळ यांच्या खणखणीत आवाजात आहे, आणि त्या आवाजावर कुठलाही स्टुडिओचा मुलामा नाही. मुंबईकरांसाठी रंजित यांचा 'काला' (२०१८): धारावीतले तिरुनेलवेलीकडून आलेले लोक, त्यांचा म्होरक्या रजनीकांत, समोर नाना पाटेकर. आपल्या शहराकडे धारावीतल्या तमिळ खिडकीतून बघण्याचा हा अनुभव थोडा टोचतो. टोचू द्या.

थिएटर, थोडक्यात

मोठ्या नटाचा सिनेमा एकदा तरी पहिल्या दिवशी, तमिळ गर्दीत बघावा. मुंबईत माटुंग्याचं अरोरा थिएटर वर्षानुवर्षं त्यासाठी प्रसिद्ध होतं. रजनीकांतच्या 'कबाली'च्या वेळी तिथे पहाटेचे खेळ लागले होते. चेन्नईला गेलात तर कोयंबेडूचं रोहिणी. संवाद ऐकायच्या आशेने जाऊ नका. रजनीचं नाव एकेका अक्षराने पडद्यावर उमटतं, ही पद्धत 'अण्णामलै' (१९९२) पासूनची. ते सुरू झालं की पुढची पंधरा मिनिटं कागदाचे कपटे, शिट्ट्या आणि आरोळ्या यांपलीकडे काही ऐकू येत नाही. गोष्ट कळायला दुसऱ्या आठवड्यात परत जायचं, तिकडचे लोकही तेच करतात.

गाणीच नको असतील तर 'कैदी' (२०१९) आहे. एका रात्रीची गोष्ट, एकही गाणं नाही. उत्तम सिनेमा आहे, पण मग हा लेख तुम्ही इथपर्यंत का वाचलात?

जुन्या काळाकडे मी स्वतःच उशिरा वळलो, त्यामुळे दोनच गोष्टी सांगतो. 'कोंजुम् सलंगै' (१९६२) मधलं 'सिंगारवेलने देवा': एस. जानकींचा गळा आणि कारुकुरिची अरुणाचलम यांचं नादस्वरम् (आपल्या सनईसारखं, पण मोठं वाद्य) यांची ही सवाल-जवाबाची जुगलबंदी आहे, राग आभेरी, आपल्या भीमपलासच्या अगदी शेजारचा. आणि शिवाजी गणेशन यांचं नाव. ते मूळचे व्ही. सी. गणेशन. द्रविड चळवळीतले नेते अण्णादुरै यांनी लिहिलेल्या नाटकात त्यांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली, ती पाहून समाजसुधारक पेरियार यांनी त्यांना 'शिवाजी' म्हटलं आणि ते नाव जन्मभर राहिलं. त्यांचा 'तिल्लाना मोहनांबाळ्' (१९६८) बघा, नादस्वरम् वाजवणारा आणि नर्तकी यांच्यातल्या ईर्ष्येची आणि प्रेमाची गोष्ट.

आणि मग '९६'

हा सिनेमा लोक नवख्याला पहिलाच दाखवतात. मी शेवटी ठेवतो. सी. प्रेमकुमार यांचा '९६' (२०१८), विजय सेतुपति आणि त्रिशा. शाळेत एकमेकांवर जीव असलेले राम आणि जानू बावीस वर्षांनी एका रात्रीपुरते भेटतात. तिचं नाव जानकी, शाळेत गायची, आणि गायची इळैयराजांचीच गाणी. रामची एकच फर्माईश असायची, आणि नेमकं तेच गाणं ती कधी म्हणायची नाही. ते गाणं म्हणजे 'यमुनै आट्रिले'.

'दळपति' न बघता, ते गाणं न ऐकता हा सिनेमा बघणाऱ्याला तो छान, हळवा वाटतो आणि थोडा लांबलेला. तुम्ही मात्र आता ते गाणं ओळखता. रामच्या घरातली वीज जाईल तेव्हा सबटायटल बंद करा आणि आवाज वाढवा. त्या प्रसंगात वाद्यं नाहीत. अंधार आहे, आणि नुसता गळा.